जगण्याची धडपड आणि स्वातंत्र्याची ओढ : मानवेंद्रनाथ रॉय यांच्या २२ सूत्रांची पार्श्वभूमी

डिसेंबर १९४६ मध्ये रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन मुंबईत भरले. त्या वेळी देशात काय चालले होते ते आधी आठवायला हवे. ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तल झाली होती. ऑक्टोबरात नोआखाली पेटले, त्यापाठोपाठ बिहार. शेजारी आपला जीव घेईल या धास्तीने माणसे आधी शेजाऱ्याचा जीव घेत होती. अशा दिवसांत, त्याच वर्षीच्या निवडणुकीत सपाटून मार खाल्लेला एक छोटा पक्ष आपले नेते, एकेकाळचे क्रांतिकारक आणि कम्युनिस्ट मानवेंद्रनाथ रॉय यांची २२ सूत्रे मंजूर करत होता. त्यातले दुसरे सूत्र सांगत होते की, स्वातंत्र्याची ओढ आणि सत्याचा शोध याच माणसाच्या प्रगतीमागच्या मूळ प्रेरणा आहेत, आणि स्वातंत्र्याची ओढ म्हणजे जीवसृष्टीत चाललेल्या जगण्याच्या झगड्याचेच बुद्धी आणि भावना यांच्या पातळीवर झालेले पुढचे रूप आहे.

नवमानवतावाद म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या विचाराचा हा कणा. जीव वाचवण्याची प्रेरणा आणि विवेक यांना एकमेकांचे वैरी मानायचे, ही आपली सर्वांची सवय आहे. रॉय म्हणाले, वैर नाही, वंशावळ आहे. एक दुसऱ्यातून जन्मले आहे.

प्रश्न अर्थातच त्यांनी पहिल्यांदा विचारलेला नव्हता. छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशातले पीक बुडालेले, उषस्ती बायकोसह परक्या गावात आश्रयाला राहिलेला. एक हत्तीवाला कुळीथ खात बसला होता, त्याच्याकडे त्याने भीक मागितली. माझ्या पानात आहेत तेवढेच आहेत, असे हत्तीवाला म्हणाला. तेच दे, असे म्हणून उषस्तीने ते उष्टे कुळीथ घेतले आणि खाल्ले. मग हत्तीवाल्याने पाणी पुढे केले, तेव्हा मात्र त्याने नकार दिला. ते उष्टे आहे, म्हणाला. कुळीथ उष्टे नव्हते का, असे हत्तीवाल्याने विचारल्यावर उषस्तीचे उत्तर असे : ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी पिणे माझ्या इच्छेवर आहे. उष्ट्याच्या नियमावर आज आपला विश्वास असण्याचे कारण नाही. पण इथपर्यंत गरज आणि इथून पुढे माझी निवड, ही रेषा भुकेल्या माणसाने भूक लागलेली असतानाच आखावी, हे मला फार मोलाचे वाटते. महाभारताच्या शांतिपर्वात हाच पेच आणखी टोकाला जातो. १२ वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याचे मांस चोरायला जातो, आणि तो चांडाळच त्याला धर्म शिकवू लागतो. जिवंत राहिलो तर धर्म करता येईल, असे विश्वामित्राचे म्हणणे. आपल्या परंपरेने या प्रश्नाला आपद्धर्माचा कप्पा दिला. संकटापुरती सवलत, एरवी नियम आहे तोच.

युरोपात थॉमस हॉब्जने सवलतीचे राज्यशास्त्रच केले. इंग्लंडमधल्या यादवीच्या पार्श्वभूमीवर १६५१ मध्ये त्याचा मुख्य ग्रंथ निघाला. मरणाची भीती माणसाला शहाणे करते आणि तो शहाणपणाने आपले स्वातंत्र्य सार्वभौम सत्तेच्या हाती सोपवतो, हा त्याचा युक्तिवाद. आपण आणि भीती जुळे जन्मलो, असे या माणसाने स्वतःबद्दल लिहून ठेवले आहे. त्याच्या मांडणीत बुद्धी आहे, पण ती भीतीच्या चाकरीत आहे.

डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये आला आणि वादाचा पायाच बदलला. माणूस निसर्गाचाच भाग ठरला, म्हणजे त्याची बुद्धीही निसर्गातूनच आलेली असणार. हर्बर्ट स्पेन्सरने जो सर्वांत लायक तोच टिकतो असे सूत्र दिले आणि अनेकांनी त्यातून बळी तो कान पिळी एवढाच अर्थ काढला. डार्विनचा खंदा पाठीराखा टी. एच. हक्सले याने १८९३ च्या ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात याला उलटे उत्तर दिले : समाजाची नैतिक प्रगती निसर्गातल्या झगड्याचे अनुकरण करून होत नाही, त्याच्याशी लढून होते. रशियन विचारवंत क्रोपॉटकिनने १९०२ मध्ये तिसरी बाजू मांडली. टिकून राहण्यात परस्पर साहाय्याचा वाटा मोठा आहे, असे त्याने सायबेरियातल्या आपल्या निरीक्षणांच्या आधारे दाखवले. महाराष्ट्रात या चर्चेचे पडसाद फार लवकर उमटले. मिल आणि स्पेन्सर पचवलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केला. रूढी टिकली आहे एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही, बुद्धीला पटेल तेच आचरावे, ही त्यांची शिकवण पुढे रॉय यांच्या मराठी सहकाऱ्यांना आयती मिळाली.

रॉय स्वतः या प्रश्नाकडे पुस्तकांतून आले नाहीत. नरेंद्रनाथ भट्टाचार्य हे त्यांचे मूळ नाव. बंगालच्या क्रांतिकारी गटातला हा तरुण १९१५ मध्ये जर्मन शस्त्रे मिळवायला बाटेव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला गेला. त्याच वर्षी बालासोरजवळच्या चकमकीत त्यांचे नेते बाघा जतीन मारले गेले. पुढे कॅलिफोर्नियात नाव बदलून ते मानवेंद्रनाथ झाले, मेक्सिकोत समाजवादी झाले, १९२० मध्ये कम्युनिस्ट इंटरनॅशनल या जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेच्या दुसऱ्या अधिवेशनात वसाहतींच्या प्रश्नावर लेनिनच्या मसुद्याला जोड म्हणून आपला मसुदा मांडण्याइतके मोठे झाले. १९२७ मध्ये चीनमधली क्रांती डोळ्यांदेखत चिरडलेली त्यांनी पाहिली. १९२९ मध्ये इंटरनॅशनलने त्यांना काढून टाकले. त्या काळात ते बर्लिनमध्ये होते आणि नाझींची चढती कमान जवळून बघत होते. ज्या जर्मन कामगारवर्गावर मार्क्सवादाची सगळी भिस्त, त्याच देशात हे घडत होते. पोटाचा हिशेब माणसाला आपोआप योग्य बाजूला नेतो, या समजुतीला तिथे तडा गेला असला पाहिजे.

डिसेंबर १९३० मध्ये ते चोरून भारतात परतले. जुलै १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले. कानपूरच्या जुन्या बोल्शेविक कटाच्या खटल्यात १२ वर्षांची शिक्षा झाली, ती अपिलात ६ वर न्यायालयाने आणली. नोव्हेंबर १९३६ मध्ये देहरादूनच्या तुरुंगातून ते सुटले, तेव्हा तब्येत कायमची ढासळलेली होती.

पण या तुरुंगातच खरे काम झाले. राजकारणाचा मार्ग बंद, बाहेरच्या बातम्या चाळून येणाऱ्या. रॉय यांनी आधुनिक भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, मानसशास्त्र वाचायला घेतले. एलेन गॉटशाल्क, ज्यांच्याशी पुढे त्यांनी लग्न केले, युरोपातून पुस्तके धाडत होत्या. आधुनिक विज्ञानाचे तत्त्वज्ञानावर काय परिणाम होतात, या एकाच विषयावर त्यांनी वह्यांमागून वह्या लिहून काढल्या, त्यांचे ९ खंड भरले. विज्ञान आणि तत्त्वज्ञान या विषयावर १९४७ मध्ये आलेले पुस्तक त्याच लेखनातून निघाले. याच काळातले त्यांचे एक वेगळे लेखन तुरुंगातल्या मांजराच्या तोंडून केलेले निवेदन आहे. गजाआडून हवे तेव्हा बाहेर जाणारा प्राणी माणसांच्या श्रद्धा, रूढी आणि बंधने न्याहाळतो, अशी त्याची कल्पना. मला हे पुस्तक रॉय यांच्या तत्त्वज्ञानाच्या अगदी जवळचे वाटते, कारण प्राण्याची मोकळीक आणि माणसाचे स्वातंत्र्य यांत नाते काय आणि फरक काय, हाच तर त्यांचा प्रश्न होता.

त्यांचे उत्तर थोडे उलगडून सांगायला हवे, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. विश्व नियमबद्ध आहे. त्या नियमबद्ध विश्वात मेंदू घडला, म्हणून नियम ओळखण्याची क्षमता त्याच्या घडणीतच आहे. ढग आले की पाऊस, खूर उमटले की जनावर, हे जोडता आले नाही तर आदिमानव जगलाच नसता. सहजप्रेरणा म्हणजे विवेकाचेच प्राथमिक रूप. रॉय पुढे जाऊन म्हणतात, पाऊस पाडणारा कोणी देव असला पाहिजे हा आदिम विश्वासही मुळात बुद्धीचाच व्यापार होता, कारण त्यामागे कारणाशिवाय काही घडत नाही ही जाणीव होती. उत्तर चुकले, प्रश्न बरोबर होता. नीतीचेही तसेच. सदसद्विवेक हा वरून आलेला आवाज नाही. माणूस विवेकशील आहे म्हणून नीतिमान होऊ शकतो. आणि मार्क्सशी त्यांचे बिनसले ते इथे : विचार शरीरातून, मेंदूतून उपजतात हे खरे, पण एकदा उपजले की त्यांचा स्वतःचा इतिहास सुरू होतो, ते आर्थिक पायाची नुसती सावली राहत नाहीत. यातून स्वातंत्र्याची त्यांची व्याख्या आली. व्यक्तीच्या अंगच्या शक्ती फुलण्यावरची बंधने क्रमाक्रमाने नाहीशी होणे म्हणजे स्वातंत्र्य. आणि व्यक्तीच्या वाट्याला ते किती आले, हीच राष्ट्र, वर्ग, पक्ष या सगळ्यांची कसोटी.

सुटकेनंतर महिन्याभरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले पहिले. रॉय तिथे हजर होते. पुढच्या काही वर्षांत त्यांच्याभोवती जी माणसे जमली त्यात मराठी माणसे ठळक होती. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्यातले सर्वांत विलक्षण. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधीजींना शास्त्राधार पुरवणारे, १९३३ मध्ये देवदास गांधी आणि लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह लावणारे हे शास्त्रीबुवा धर्माची चिकित्सा करत भौतिकवादापर्यंत पोहोचले. ‘हिंदुधर्माची समीक्षा’ त्याच वाटेवरचे. सासवडचे बॅरिस्टर वि. म. तारकुंडे पक्षाचे सरचिटणीस झाले. व्ही. बी. कर्णिक आणि मणिबेन कारा कामगार चळवळीतून आले. गो. द. परीख यांनी तारकुंडे आणि बी. एन. बॅनर्जी यांच्यासह पक्षाची लोकयोजना, म्हणजे देशासाठीची आर्थिक योजना, तयार केली. सूत्रांवर जी घासाघीस झाली ती याच मंडळींत, फिलिप स्प्रॅट, शिवनारायण राय यांच्यासारख्यांच्या सोबतीने. मे १९४६ च्या देहरादून शिबिरात पक्षाच्या पराभवाची चर्चा निघाली ती थेट माणसाच्या स्वभावापर्यंत गेली.

पराभवाचे कारण उघड होते. दुसऱ्या महायुद्धात फॅसिझमचा पाडाव ही स्वातंत्र्याची पहिली अट मानून रॉय यांनी ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला होता. १९४२ च्या वातावरणात त्यांना देशद्रोही ठरवले गेले. त्यांची भूमिका मला तर्काने समजते, पण ज्या लोकांना पटवायचे त्यांच्या मनातला संताप तिने हिशेबात घेतला नाही, आणि हीच त्यांच्या तत्त्वज्ञानातलीही कच्ची जागा आहे. जिजीविषेतून, म्हणजे जगण्याच्या इच्छेतून, विवेक निघतो हे मान्य केले, तरी तिच्यातूनच कळपात शिरण्याची, नेत्याच्या पाठीशी दडण्याची ओढही निघते. मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉमने १९४१ मध्ये याच पळापळीवर ग्रंथ लिहिला : एकटेपणाच्या भीतीने माणूस मिळालेले स्वातंत्र्य टाकून देतो. रॉय यांना हे दिसत नव्हते असे नाही. १९३८ च्या फॅसिझमवरच्या पुस्तकात त्यांनी त्याची मुळे आर्थिक संकटाबरोबर बुद्धीवरचा विश्वास उडवणाऱ्या तत्त्वज्ञानात शोधली. पण भीतीवरचा त्यांचा उतारा मुख्यतः एकच, ज्ञान. भीती किती खोल असते आणि ज्ञानी माणसालाही ती कशी धरते, याला त्यांच्या सूत्रांत पुरेशी जागा मिळालेली नाही.

मात्र त्यांनी स्वतःच्या निष्कर्षाची किंमत मोजली. पक्ष सत्तेसाठी लोकांच्या भावना भडकावतात आणि नागरिकाला विचार करायला शिकवत नाहीत, हे एकदा पटल्यावर डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात त्यांनी आपला पक्षच विसर्जित केला. १९ आणि २० ही सूत्रे त्यासाठी बदलली. गावोगावच्या लोकसमित्या, त्यांतून उभी राहणारी लोकशाही, आणि तोवर लोकशिक्षण, एवढाच कार्यक्रम उरला. युरोपातल्या विवेकाच्या आणि क्रांतीच्या इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५२ आणि १९५५ मध्ये दोन खंडांत आला. दुसरा खंड त्यांनी पाहिला नाही. २५ जानेवारी १९५४ रोजी देहरादूनला त्यांचे निधन झाले.

पक्षविरहित लोकशाहीचा धागा पुढे जयप्रकाशांनी उचलला, लक्ष्मणशास्त्री विश्वकोशाच्या कामात गेले, आणि सूत्रांची खरी परीक्षा तारकुंड्यांच्या वाट्याला आली. मुंबई उच्च न्यायालयातून १९६९ मध्ये निवृत्त होऊन ते दिल्लीत वकिली करत होते. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांना न्यायालयात दाद मागता येते असे ९ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयात त्यावर सुनावणी चालू असताना न्या. हं. रा. खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तर? आणीबाणी असेपर्यंत इलाज नाही, असे उत्तर आले. सुरक्षिततेसाठी स्वातंत्र्य सोडावे या हॉब्जच्या सौद्यात स्वातंत्र्य गेल्यावर जीवही हमीशिवाय राहतो, हे भर न्यायालयात सरकारच्याच वकिलाने सांगितले. २८ एप्रिल १९७६ रोजी ४ विरुद्ध १ अशा बहुमताने सरकारची बाजू मान्य झाली. विरोधी निकाल एकट्या खन्नांचा. तो देताना सरन्यायाधीशपद हातचे जाणार हे त्यांना ठाऊक होते, आणि जानेवारी १९७७ मध्ये ते गेलेच.

त्या निकालानंतर सहा महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच नागरी स्वातंत्र्यासाठी लोकसंघटना स्थापन झाली. जयप्रकाश अध्यक्ष, तारकुंडे कार्याध्यक्ष. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने २० आणि २१ या अनुच्छेदांखालचे हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद झाली. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य तिथे एकाच वाक्यात आहेत.