पोकरची झाकलेली पानं आणि टीव्हीचा कॅमेरा

लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत १९७० साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर सुरू झाली, तेव्हा पहिला विजेता खेळाडूंनी चक्क मतं देऊन निवडला होता. जॉनी मॉस त्याचं नाव. पुढं स्पर्धेला शिस्त आली आणि १९७३ मध्ये सीबीएस वाहिनीनं ती पडद्यावर आणली. जिमी 'द ग्रीक' स्नायडर निवेदनाला होता आणि जिंकला पगी पिअर्सन. पण बघणाऱ्याच्या हाती काय लागलं? एकानं चिपा (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) पुढं सरकवल्या, दुसऱ्यानं विचार करून पानं टाकून दिली. का टाकली, कोणाकडे काय होतं, याचा पत्ता नाही. दिवाळीत तीन पत्ती रंगलेली असताना लांब बसलेल्याला जांभया येतात आणि एखाद्याच्या पाठीमागून त्याची पानं बघणाऱ्याचा श्वास अडकतो, तसंच हे. पुढची पंचवीस-एक वर्षं टीव्हीवरचं पोकर त्या लांबच्या जागेवरच बसून होतं.

त्याला पाठीमागची जागा मिळवून दिली ती एका खेळणी बनवणाऱ्या माणसानं. हेन्री ओरेनस्टीनचा जन्म १९२३ चा, पोलंडमधला. नाझींच्या छळछावण्यांतून तो वाचला, अमेरिकेला गेला आणि खेळण्यांच्या धंद्यात नाव कमावलं. जपानी कंपनीची रूप बदलणारी खेळणी हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीच्या गळी उतरवून 'ट्रान्सफॉर्मर्स' बाजारात आणण्यात त्याचा मोठा हात होता. तो पोकरही चांगलं खेळायचा; १९९६ मध्ये वर्ल्ड सिरीजमधल्या विजेत्याला मिळणारं एक ब्रेसलेट त्यानं जिंकलं. टेबलाच्या कडेला बसवलेल्या कॅमेऱ्यानं खेळाडूची झाकलेली पानं टिपायची, या त्याच्या कल्पनेला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं.

तरी पडद्यावर पहिली बाजी मारली ब्रिटननं. चॅनल ४ च्या 'लेट नाइट पोकर'नं १९९९ मध्ये टेबलात काचा बसवून खालून पानं दाखवली. स्टुडिओ वेल्समधल्या कार्डिफचा, वेळ अपरात्रीची आणि पहिल्या मालिकेचा विजेता डेव्ह 'डेव्हिलफिश' युलियट. व्यावसायिक खेळाडूच्या दृष्टीनं हे थोडं धोक्याचंच होतं. आपण कधी थापा मारतो हे उद्याचे प्रतिस्पर्धी घरबसल्या बघणार.

अमेरिकेत मार्च २००३ मध्ये ट्रॅव्हल चॅनलवर वर्ल्ड पोकर टूर सुरू झाली. तिनं पानांच्या शेजारी जिंकण्याची टक्केवारी दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षी ईएसपीएन या क्रीडा वाहिनीनंही वर्ल्ड सिरीजच्या टेबलावर छोटे कॅमेरे लावले आणि नशिबानं त्यांना टेनेसीचा एक हिशेबनीस सापडला. आडनाव खरोखरच मनीमेकर. क्रिस मनीमेकरनं इंटरनेटवरच्या किरकोळ रकमेच्या स्पर्धेतून मुख्य स्पर्धेतली १० हजार डॉलरची जागा मिळवली होती. ८३९ जणांमधून तो शेवटच्या दोघांत आला. समोर सॅम फारा, मुरलेला जुगारी.

दोघांतच चाललेल्या त्या खेळातला एक डाव आजही लोक शोधून बघतात. यात प्रत्येकाला दोन झाकलेली पानं असतात आणि टेबलावर उघडलेली पाच पानं दोघांचीही. टेबलावर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी आणि शेवटी तिर्री. मनीमेकरच्या हातात इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. फ्लशची (एकाच चिन्हाची पाच पानं) आशा होती, स्ट्रेटचीही (ओळीनं पाच पानं) होती, शेवटच्या पानावर दोन्ही फसल्या. हातात काही नाही. फाराकडे राणी-नव्वी, म्हणजे नव्व्यांची जोडी आणि डाव जिंकलेला. मनीमेकरनं सगळ्या चिपा पुढं ढकलल्या आणि दगडासारखा बसून राहिला. फारा घुटमळला, तुझा फ्लश चुकला असणार असंही बोलून गेला आणि तरी त्यानं पानं टाकली. १९७३ च्या तऱ्हेनं दाखवला असता तर यात काहीच नव्हतं: एकानं पैसे लावले, दुसऱ्यानं माघार घेतली. खोटं आहे हे आपल्याला ठाऊक, फाराला नाही, म्हणून तो डाव डाव झाला.

मनीमेकर २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी मुख्य स्पर्धेत २,५७६ जण आले, २००६ मध्ये ८,७७३, आणि त्या वर्षी जेमी गोल्डला १ कोटी २० लाख डॉलर मिळाले.

इथूनच बिघाडही सुरू झाला असं माझं मत आहे. तासाभराच्या कार्यक्रमात दिवसभराचे डाव बसवायचे म्हणजे कात्री आली आणि कात्रीला आवडतात 'ऑल-इन', म्हणजे सगळ्या चिपा एकदम लावलेले डाव. छोटे, कुरतडणारे डाव गळाले. टक्केवारीनं तर प्रेक्षकाला थेट न्यायाधीश केलं. सगळी पानं दिसत असताना काढलेले ते आकडे खेळाडूला कधीच उपलब्ध नसतात. तरी आपण सोफ्यावरून म्हणतो, 'अरे, कसा काय टाकला?' उत्तम माघार भित्री दिसते आणि अंदाज बरोबर असूनही हरलेला माणूस मूर्ख ठरतो.

यावर सगळ्यात चांगला उतारा २००६ मध्ये आलेल्या 'हाय स्टेक्स पोकर'चा. स्पर्धा नाही, रोकड खेळ. किमान १ लाख डॉलर घेऊन बसायचं आणि नोटांची बंडलं टेबलावर. खेळाडू एकमेकांना चिडवायचे, पैजा लावायचे आणि समालोचक गेब कॅप्लन मिश्किलपणे बोलत राहायचा. गस हॅन्सनच्या चार पंज्यांपुढं डॅनियल नेग्रेआनूचा छक्क्यांचा फुल हाउस (एका आकड्याची तीन आणि दुसऱ्याची दोन पानं) पडला तो ५,७५,७०० डॉलरचा डाव तिथलाच. पानं तर दिसत होतीच, पण लक्षात राहिली माणसं.

मग पैसा आटला. हे कार्यक्रम बऱ्याच अंशी ऑनलाइन पोकर कंपन्यांच्या जाहिरातींवर चालत होते आणि १५ एप्रिल २०११ ला अमेरिकन सरकारनं त्यातल्या मोठ्या कंपन्यांवर कारवाई केली. (आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. गोव्यात मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंमध्ये पोकरच्या स्पर्धा भरतात, पण त्या दाखवायला लागणारा पैसा कुठून यायचा, हा प्रश्न इथंही तोच.) त्याच २०११ मध्ये ईएसपीएननं वर्ल्ड सिरीजची अंतिम फेरी सुमारे १५ मिनिटांच्या विलंबानं जवळजवळ थेट दाखवली. कात्री गेली, पण तिच्या जागी गॉगल, डोक्यावर ओढलेली टोपी आणि मिनिटामिनिटाचं मौन आलं. २०१६ मध्ये ब्रिटनच्या विल्यम कॅसूफनं अखंड बडबड करून टेबलावरच्या सगळ्यांचं डोकं उठवलं, पंचांनी त्याला दंडही केला. माणूस त्रासदायक, पण त्या वर्षीचं लोकांना आठवतं ते त्याचंच. २०१७ मध्ये वर्ल्ड पोकर टूरनं विचार करायला ३० सेकंदांचं घड्याळ आणलं, ते फार उशिरा आलं इतकंच.

पानं दाखवण्याची दुसरी किंमतही हळूहळू कळली. आता पत्त्यांमध्येच इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि नियंत्रण कक्षाला प्रत्येक हात क्षणात कळतो. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'हसलर कॅसिनो लाइव्ह' या कार्यक्रमात २ लाख ६९ हजार डॉलरचा पॉट (डावात जमलेली रक्कम) गुलाम-चौकीसारख्या कमकुवत हातानं जिंकला गेला आणि फसवणुकीचा गदारोळ उठला. कार्यक्रमानंच करवून घेतलेल्या तपासात पुरावा सापडला नाही. पण कोणीतरी आत बसून सगळी पानं बघतंय, ही शंका प्रक्षेपणाच्या रचनेतच आहे.

म्हणून सुधारणा करायची तर आणखी आकडे नकोत, थोडी झाकपाक हवी. काही डाव एकाच खेळाडूची पानं दाखवून चालू द्यावेत, बाकीची शेवटी उघडावीत. दोन समालोचकांपैकी एकाला पानं दिसूच देऊ नयेत, म्हणजे तो खेळाडूसारखा तर्क करेल आणि त्याचं चुकणंही बघण्यासारखं असेल. टक्केवारीपेक्षा कोणाकडे किती चिपा उरल्यात आणि पुढची बक्षिसाची पायरी केवढी, हे पडद्याच्या कोपऱ्यात सतत राहू द्यावं. आणि टेबलावर एक तरी तोंडाळ माणूस बसवावा, त्याला वेगळं मानधन द्यावं लागलं तरी चालेल.