वादक बोलावण्याआधी
स्वतःच्या खर्चाने गाणं रेकॉर्ड करणाऱ्या गायक-संगीतकारांसाठी आमच्या स्टुडिओचं माहितीपत्रक

तुमच्या गाण्यात मुरलेला तबलजी किंवा बासरीवादक हवा असेल, तर आम्ही जरूर बोलावून देतो. फक्त एक ध्यानात घ्या : त्यांचं मानधन शिफ्टवर, म्हणजे स्टुडिओच्या ठरलेल्या तासांवर असतं. चाल बसवणं, कडवी कापणं, सगळं घरी पेटीवर उरकून या.

सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वरावर तुमचा ‘सा’, ती पक्की करा. मागे एका गायकाने काळी दोन कळवली होती. रेकॉर्डिंगच्या सकाळी घसा बसलेला, म्हणून ‘पांढरी एकमध्ये गातो’ म्हणाले. पेटीवाल्यांचं काही अडलं नाही. तबलजींनी मात्र काळी दोनचाच तबला आणला होता. तो तितका खाली उतरवला तर चाट (तबल्याची कड) वाजेना, नुसता बद्द आवाज. दुसरा तबला यायला तीन तास गेले आणि शिफ्ट आपली चालूच. तेव्हापासून पट्टी आम्ही लेखी घेतो. पावसाळ्यात तर तबल्याची पुडी (वरचं कातडं) ओल धरते; एसीत आल्यावर ती स्थिरावायला वेळ लागतो, तेवढी सवड धरून चाला.

दुसरं, कच्चा ट्रॅक. तुमचा साधा आवाज, पेटी आणि ठरलेल्या लयीचा क्लिक एवढं पुरे. दादरा-केरव्याच्या गाण्याला नुसत्या टकटकीऐवजी ठेका लावलेला बरा, वादकांना त्यात झोल, म्हणजे लयीचा हेलकावा, सापडतो. हा ट्रॅक दोन दिवस आधी द्या, सोबत धृपदाचं आणि मधल्या म्युझिकचं नोटेशन.

पण सगळंच लिहून देऊ नका. मधल्या तुकड्याचा एक टेक तुमच्या मनासारखा घ्या, एक वादकांच्या मनासारखा. गाण्यात राहतो तो बहुधा दुसराच, असा आमचा अनुभव आहे.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात वादकालाही कलाकार म्हणून ५० वर्षांचे हक्क आहेत, म्हणून मानधन, श्रेय आणि वापर यांचा एकपानी करार आम्ही सही करूनच घेतो. तुकोबांचा अभंग घेतलात तर शब्दांसाठी कुणाची परवानगी नको. चाल हल्लीच्या संगीतकाराची असेल तर लागेल. गाणं ऑनलाइन टाकताना प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगची ओळखखूण) लागतो. तो बहुतेक वेळा गाणं ऑनलाइन पोचवणारा वितरकच देतो.

शेवटी तुम्हाला मिक्स, म्हणजे सगळं एकत्र जुळवलेलं गाणं, मिळेलच. शिवाय प्रत्येक वाद्याची वेगळी २४ बिटची वेव्ह फाइलही मागून घ्या. उद्या तबला ठेवून बासरी बदलावीशी वाटली, तर त्याच कामाला येतात. येताना रिकामी हार्ड डिस्क आणा. आम्ही फाइली सहा महिनेच ठेवतो.