स्पेनमधला टाइमशेअर आठवडा आणि शेंगेन व्हिसा: कागद कोणते, कोणाच्या नावाने, कधी

टाइमशेअरचं, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक काळ राहण्याच्या हक्काचं, सदस्यत्व घेतलेल्यांची ठरलेली तक्रार असते: मे महिन्यात आणि नाताळात हवं ते काहीच मिळत नाही. भूमध्य समुद्राच्या काठी मात्र हे गणित आपल्या बाजूने फिरतं. स्पेनच्या दक्षिणेला मालागाच्या आजूबाजूला कोस्ता देल सोल ही किनारपट्टी आहे. तोरेमोलिनोस, बेनाल्मादेना, फुएन्खिरोला, मिखास, मार्बेया या गावांत टाइमशेअर रिसॉर्ट दाटीने उभे आहेत. युरोपातली गर्दी तिथे जुलै-ऑगस्टला लोटते, आणि नोव्हेंबर लागला की ओसरते. आपल्या शाळांची दिवाळीची सुट्टी त्याच सुमारास येते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. भाऊबीज उरकून शनिवारी, १४ तारखेला रिसॉर्टमध्ये शिरता येईल. दिवसा तापमान वीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, फिरायला उत्तम. समुद्रात डुंबायचा बेत असेल तर तो सोडा. पोहण्याचा तलाव गरम पाण्याचा आहे का आणि तो त्या आठवड्यात चालू असतो का, हे रिसॉर्टला ईमेलने विचारून घ्या. दुरुस्तीची कामं हे लोक हिवाळ्यातच काढतात.

आठवडा मिळाला की अर्धं काम झालं असं वाटतं. खरं काम पुढे आहे. भारतीय पासपोर्टवर स्पेनला जायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा सामाईक व्हिसा, लागतो, आणि टाइमशेअरचं सदस्यत्व हा त्यासाठीचा पुरावा धरला जात नाही. तुम्ही पंचवीस वर्षांचं सदस्यत्व घेतलंय की कालच घेतलंय, याच्याशी अधिकाऱ्याला घेणंदेणं नसतं. कोण, कुठे, कोणत्या रात्री झोपणार, हे त्याला एका कागदावर दिसायला हवं.

अर्ज कोणाकडे

ज्या शेंगेन देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. विमान फ्रँकफुर्टला बदलून मालागाला गेलात तरी अर्ज स्पेनचाच. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे अर्ज स्पेनच्या मुंबईतल्या वकिलातीकडे जातात. कागद आणि बोटांचे ठसे घेण्याचं काम बीएलएस इंटरनॅशनलची केंद्रं करतात. मंजुरी-नामंजुरी केंद्राच्या हातात नसते, त्यामुळे ‘आतून करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला नमस्कार करावा. नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने तिथूनच अर्ज करायचा. गोव्यात काही घरांत एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो. त्याला व्हिसा लागत नाही, आणि त्याच्यासोबत प्रवास करणाऱ्या भारतीय पती-पत्नीला व २१ वर्षांखालच्या मुलांना व्हिसा शुल्क माफ असतं. नातं सिद्ध करणारे कागद मात्र पक्के हवेत.

राहण्याचा पुरावा: इथेच जास्त अडतं

हॉटेलचं बुकिंग केलं की त्यावर नाव, पत्ता, तारखा सगळं येतं. टाइमशेअरच्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे आपला आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टचा घेताना, तसं होईलच असं नाही. सदस्याच्या खात्यात दिसणाऱ्या पानावर बऱ्याचदा फक्त सदस्याचं नाव, रिसॉर्टचा कोड आणि आठवडा असतो. ते पान छापून जोडू नका. एक्स्चेंज कंपनीचं अधिकृत कन्फर्मेशन मागवा, आणि शिवाय थेट रिसॉर्टकडून त्यांच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात रिसॉर्टचा पूर्ण पत्ता आणि फोन, येण्याजाण्याच्या तारखा, अपार्टमेंटचा प्रकार आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. बाळाचंही. हे पत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून आठवडा निश्चित झाला त्याच दिवशी मागणी पाठवलेली बरी. वार्षिक देखभाल शुल्क थकलेलं असेल तर एक्स्चेंजच अडकतं, हेही आधी तपासा.

सदस्यत्व सासऱ्यांच्या नावावर आणि जाणार मुलगी-जावई, हा प्रकार आपल्याकडे फार. अशा वेळी कन्फर्मेशनवर सासऱ्यांचं नाव आणि अर्जावर भलत्याचंच, असं दिसतं. एक्स्चेंज कंपन्या यासाठी जादा शुल्क घेऊन गेस्ट सर्टिफिकेट देतात. ते जाणाऱ्याच्या नावाने काढा आणि सोबत सदस्याचं एक साधं संमतीपत्र जोडा. स्पेनमध्ये कोणा ओळखीच्याच्या खासगी घरी राहणार असाल तर तिथल्या पोलिसांकडून निघणारं निमंत्रणपत्र लागतं. रिसॉर्टसाठी त्याची गरज नाही.

दुसरी अडचण क्षमतेची. अपार्टमेंटवर ४/२ असं लिहिलेलं असेल तर चार माणसं मावतात, पण स्वतंत्र झोपण्याची सोय दोघांचीच, बाकीच्यांना सोफा-कम-बेड. मुलंही या आकड्यात मोजली जातात. चारच्या जागेत सहाजणांचे अर्ज लावले तर उरलेले दोघे कुठे राहणार, हा प्रश्न तुमच्या आधी अधिकाऱ्याला पडेल.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण हमखास निसटते. टाइमशेअर आठवडा सात रात्रींचा आणि ठरावीक वारापासूनचा असतो. विमानाची तिकिटं त्या वाराला स्वस्त मिळतीलच असं नाही. शुक्रवारी पोहोचून शनिवारी रिसॉर्टमध्ये जाणार असाल, तर शुक्रवारच्या रात्रीचं हॉटेल बुकिंग फाइलमध्ये हवं. व्हिसाचा अर्ज, विमानाचं आरक्षण, विमा, रजेचं पत्र आणि रिसॉर्टचं पत्र, या पाच कागदांवरच्या तारखा टेबलावर मांडून जुळवा.

पैसे दाखवायचे कसे

स्पेनचा नियम आकड्यात आहे: माणशी दररोज तिथल्या मासिक किमान वेतनाच्या १० टक्के. २०२५ च्या वेतनानुसार ही रक्कम ११८.४० युरो होते, आणि वेतन बदललं की तीही बदलते. मुक्काम कितीही छोटा असो, माणशी किमान नऊ दिवसांइतकी रक्कम धरतात. २०२५ च्या दराने चौघांच्या कुटुंबाला हे सुमारे ४,२६२ युरो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणाकडून तरी उसने आणून खात्यात भरू नका. तीन महिन्यांच्या स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का असतो, आणि अचानक आलेली मोठी रक्कम त्यात लपत नाही.

नोकरदाराने तीन पगारपत्रकं, प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र जोडायचं. दुकानदाराने गुमास्ता परवाना, जीएसटी नोंदणी, चालू खात्याचं स्टेटमेंट. शेतकरी कुटुंबाची पंचाईत वेगळी: शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्र नसतं. तिथे सातबारा, बाजार समितीच्या किंवा कारखान्याच्या पट्ट्या आणि त्या रकमा जमा झालेलं बँक खातं असा संच लावावा. सातबारा मराठीत असतो, म्हणून त्याचं इंग्रजी किंवा स्पॅनिश भाषांतर सोबत हवं. गृहिणीच्या अर्जाला पतीचे आर्थिक कागद आणि विवाह नोंदणीचा दाखला चालतो. निवृत्त आई-वडील सोबत असतील तर त्यांचं पेन्शन खातं आणि खर्च उचलणाऱ्या मुलाचं पत्र, दोन्ही लावा.

कव्हरिंग लेटर एका पानाचं पुरे. ऐन नोव्हेंबरमध्ये समुद्रकिनारी का, हा प्रश्न ऑफ-सीझनच्या अर्जात साहजिक आहे. त्याचं उत्तर दोन ओळींत द्या: शाळेला दिवाळीची सुट्टी आहे, एक्स्चेंजमध्ये हा आठवडा उपलब्ध झाला. मुलांच्या शाळेचं सुट्टीच्या तारखांचं पत्र याला बळ देतं. स्पेनच्या संस्कृतीवर निबंध लिहायची गरज नाही.

बाकीचे कागद आणि मुलं

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत निघालेला, शेंगेनमधून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. फोटो ३५ × ४५ मिलिमीटर. वैद्यकीय प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सर्व शेंगेन देशांत चालणारा, आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारा.

अर्ज प्रत्येकाचा वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. मुलाच्या अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. दोघांपैकी एकच सोबत जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र द्या. घटस्फोट झाला असेल तर ताब्याबाबतचा न्यायालयाचा आदेश. लग्नानंतर आईचं नाव बदललंय, पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचं, असं असल्यास विवाहाचा दाखला जोडायला विसरू नका.

कधी आणि किती

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. १३ नोव्हेंबरला निघायचं तर १३ मेपासून. निर्णय सहसा १५ दिवसांत, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळणं अवघड होतं. शाळा सुरू झाल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये अर्ज टाकणं सगळ्यांत सोयीचं. जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांना ४५ आणि सहाखालच्यांना माफ. रक्कम रुपयांत भरायची, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, नकार आला तरी परत नाही. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात. १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत.

व्हिसा हातात आला की नोंदी लगेच वाचा: नाव, तारखा, किती दिवस, किती प्रवेश. एकच प्रवेश लिहिला असेल आणि तुम्ही तारिफाहून बोटीने मोरोक्कोतलं टँजियर पाहायला गेलात, तर परत स्पेनमध्ये शिरता येणार नाही. मोरोक्कोचा व्हिसा वेगळा लागतो तो लागतोच.

पोहोचल्यावर

विमानतळावर आता शिक्क्याऐवजी फोटो आणि ठशांची इलेक्ट्रॉनिक नोंद होते, रांग लांबू शकते. रिसॉर्टचं पत्र, परतीचं तिकीट, विमा हातातल्या बॅगेत ठेवा. सीमा अधिकारी मागू शकतो. फराळाच्या पिशवीत तूप, पेढे, खवा नको. दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे, आणि ताज्या कढीपत्त्यालाही प्रमाणपत्र लागतं. मालागा विमानतळावरून फुएन्खिरोलापर्यंत लोकल गाडी जाते, टॅक्सीची घाई नको.

रिसॉर्टमध्ये सगळ्यांचे पासपोर्ट मागतील आणि मुलांशी नातं काय तेही विचारतील. डिसेंबर २०२४ पासून ही माहिती पोलिसांच्या यंत्रणेला कळवणं त्यांना बंधनकारक आहे. मग कोणीतरी गोड बोलून ‘नव्वद मिनिटांच्या’ प्रेझेंटेशनला बोलावेल. जायचं तर जा, पण स्पेनच्या २०१२ च्या कायद्यानुसार टाइमशेअर करार झाल्यावर १४ दिवस कारण न देता तो रद्द करता येतो आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायलाच मनाई आहे. तिथल्या तिथे कार्ड मागितलं तर खुर्चीवरून उठा.

नकार आला तर

नकार छापील नमुन्यावर येतो, कारणापुढे खूण केलेली असते. ‘प्रवासाचा हेतू व मुक्कामाच्या अटी सिद्ध नाहीत’ या रकान्यावर खूण असेल तर बहुधा राहण्याचा कागद कच्चा होता. एक महिन्याच्या आत वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता येतो, किंवा दोन महिन्यांत माद्रिदच्या उच्च न्यायालयात दाद मागता येते. सुट्टी तोंडावर असेल तर माझ्या मते त्रुटी भरून नवा अर्ज टाकणं जास्त व्यवहार्य.

व्हिसा मिळून प्रवास नीट झाला तर जुना पासपोर्ट जपून ठेवा. एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नियमाने वापरलेल्या भारतीय रहिवाशाला पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा.