साइजोच्या साके मात्सुरीमागचं पाणी

हिरोशिमाहून पूर्वेकडे जाणारी लोकल चाळीसेक मिनिटांत साइजोला पोचते. स्टेशनाबाहेर थोडंसं चाललं की लाल विटांची उंच धुराडी दिसू लागतात, अंगावर आपापल्या साकेचं, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या जपानी मद्याचं, नाव उभ्या अक्षरांत मिरवणारी. ऑक्टोबरातल्या एका शनिवार-रविवारी इथे साके मात्सुरी, म्हणजे साकेची जत्रा, भरते. गावातल्या बागेत तिकीट काढून शिरलं की हातात ओचोको, म्हणजे चिमुकली वाटी, ठेवतात आणि जपानभरातल्या शेकडो साके समोर असतात. दोन दिवसांत दोनेक लाख माणसं येतात. ही मात्सुरी तशी तरुणच, 1990 साली सुरू झालेली. पण ती साइजोतच का भरते, हे समजून घ्यायचं तर पाण्यापासून सुरुवात करावी लागते.

दुष्फेन आणि सुफेन पाणी आपण शाळेत शिकलो. स्वयंपाकघरात त्याचा अर्थ सरळ असतो: दुष्फेन पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. साकेचं गणित मात्र उलटं. कोबेजवळचा नादा हा साकेचा जुना बालेकिल्ला. तिथल्या मियामिझु पाण्याचा गुण 1840 मध्ये लक्षात आला. ते दुष्फेन, क्षारांनी भरलेलं. यीस्टला त्यातून भरपूर खाद्य मिळतं, आंबवण जोमाने होतं. हिरोशिमाच्या डोंगरांतलं पाणी सुफेन. त्यात यीस्ट अर्धपोटी राहतं, आंबवण रेंगाळतं आणि तेवढ्यात नको ते जंतू डाव साधतात. नादाच्या पद्धतीने इथे साके करायला गेलं की ती नासायची.

हे नुकसान सोसणाऱ्यांपैकी एक होते मिउरा सेन्झाबुरो, समुद्रकाठच्या मित्सु गावचे (आताचं आकित्सु). जन्म 1847 चा. 1876 मध्ये त्यांनी साकेच्या धंद्यात पाऊल टाकलं आणि वर्षामागून वर्ष माल बिघडत गेला. दोष हाताचा नाही, पाण्याचा आहे, हे उमगल्यावर त्यांनी पाणी बदलायचा हट्ट सोडला आणि कृती बदलली. साकेत तांदळातल्या पिष्टाची साखर करायचं काम कोजी नावाची बुरशी करते. मिउरांनी वाफवलेल्या तांदळावर ती सावकाश, दाण्याच्या गाभ्यापर्यंत वाढू दिली. मग आंबवण थंडीत ठेवून हळूहळू चालवलं. अंदाजाच्या जागी तापमापक आला. 'शंभर प्रयोग, हजार सुधारणा' हे त्यांचं ब्रीद होतं. 1898 मध्ये त्यांनी ही सगळी कृती पुस्तकरूपाने छापली. मला या कहाणीत सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. वर्षानुवर्षं पैसा घालवून हाती आलेलं गुपित त्यांनी आसपासच्या सगळ्यांना, म्हणजे आपल्याच स्पर्धकांना, देऊन टाकलं. आकित्सुचे तोजी, म्हणजे साकेचे मुख्य कारागीर, हीच विद्या घेऊन गावोगावच्या कुरांत गेले. कुरा म्हणजे साके जिथे तयार होते ती जागा.

साइजो त्यासाठी सज्जच होतं. एदो काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, हे हमरस्त्यावरचं मुक्कामाचं गाव. भोवती भातशेती, समुद्रसपाटीपासून दोनेकशे मीटर उंच खोरं, त्यामुळे हिवाळा कडक. 1894 मध्ये रेल्वे आली आणि माल बाहेर जायची सोय झाली. 1896 मध्ये इथल्याच साताके रिइची यांनी यंत्रशक्तीवर चालणारी तांदूळ सडायची गिरणी बनवली. तोवर हे काम पायाने दाबायच्या उखळात नाहीतर पाणचक्कीवर चालायचं. दाण्याच्या बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि स्निग्धांश निघून गेले की साके स्वच्छ, सुगंधी उतरते. सुफेन पाणी, संथ थंड आंबवण आणि नीट सडलेला तांदूळ यांतून पुढे गिन्जो या उंची, सुगंधी साके प्रकाराची वाट खुली झाली. 1907 च्या पहिल्या अखिल जपान साके स्पर्धेत हिरोशिमाच्या साकेंनी नादाला मागे टाकलं. मिउरांना ते पाहायला मिळालं. पुढच्याच वर्षी ते गेले.

मात्सुरी शरदात येण्यालाही कारण आहे. हिवाळ्यात केलेली साके वसंतात एकदा तापवून उन्हाळाभर मुरत ठेवतात आणि शरदात पुन्हा न तापवता बाहेर काढतात. तिला हियाओरोशी म्हणतात. नवी साके तयार झाली की कुराच्या दारात सीडरच्या कोवळ्या डहाळ्यांचा हिरवागार गोळा, सुगीदामा, टांगतात. मात्सुरीपर्यंत तो पार तपकिरी झालेला असतो. साके किती मुरली, हे दारावरून जाणाऱ्यालाही त्यावरून कळतं. 1 ऑक्टोबर हा साके दिन 1978 मध्ये ठरला.

मात्सुरीत बिशुनाबेही खायला मिळतं. डुकराचं आणि कोंबडीचं मांस, भाज्या, लसूण, मीठ-मिरी आणि पाण्याऐवजी साके. हे मुळात कुरातल्या कामगारांचं जेवण. ज्यांना दिवसभर साके चाखून पारखायची, त्यांची जीभ बिघडू नये म्हणून मसाला एवढाच.

साकेवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था 1995 मध्ये तोक्योहून याच शहरात आली. पण साइजोच्या लोकांची खरी काळजी उत्तरेकडच्या र्‍यूओ डोंगराची. तिथे मुरलेला पाऊस कुरांच्या विहिरींत उतरतो, म्हणून तिथलं रान राखायला लोक आपणहून जातात. काही कुरांनी विहिरीच्या पाण्याचा नळ रस्त्याकडे काढून दिलाय. शेजारपाजारचे लोक कॅन घेऊन येतात आणि घरच्या भातासाठी, चहासाठी तेच पाणी भरून नेतात.