गाऱ्हाणं आणि कुरकुर

माझे वडील सव्वादोन वर्षं डायलिसिसवर होते. मंगळवारी आणि शुक्रवारी वास्कोहून पहाटेची बस. दिवसभरात प्यायचं पाणी मोजून; आई बाटलीवर पेनाने रेघा मारून ठेवायची, सकाळ, दुपार, रात्र. मागच्या अंगणात माड होता, पण शहाळ्याचं पाणी वर्ज्य, कारण त्यातलं पोटॅशियम निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. एका संध्याकाळी ते ओला रुमाल ओठांवर दाबून बसलेले आईला दिसले. आदोळीवर नारळ खोवता खोवता ती मोठ्याने म्हणाली, "देवा, तुला दिसतंय ना? मग गप्प कसा बसलायस?"

हेच ती पुढे प्रार्थनासभेतही बोलली. सभा सुटल्यावर एका बाईंनी तिला बाजूला घेतलं आणि अगदी मायेने सांगितलं, "ताई, देवाविरुद्ध अशी कुरकुर करू नये. विश्वास डळमळतो." त्यानंतर आई सभेत डोळे मिटून गप्प बसू लागली.

त्या बाईंचा हेतू चांगलाच होता. पण कुरकुर आणि गाऱ्हाणं यांत त्यांची गल्लत झाली, आणि ती आपल्या ख्रिस्ती मंडळींत फार होते. दोन्हींत रडणं आहे, दोन्हींत "का?" आहे, शब्द तर कधीकधी गाऱ्हाण्याचेच जास्त कडू असतात. म्हणून शब्दांवरून ओळखायला गेलं की फसायला होतं.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा अकरावा अध्याय काढून बघा. तिथे दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक अरण्यात रोज तोच मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, खाऊन कंटाळले. मिसरातली फुकटची मासळी, काकड्या, कलिंगडं, कांदे, लसूण आठवून आपापल्या डेऱ्याच्या दाराशी रडत बसले. देवाचा कोप त्यांच्यावर भडकला. त्यांचा पुढारी मोशे याने ते ऐकलं आणि तो सरळ देवाकडे गेला. काय म्हणाला? या लोकांना मी जन्म दिला का? यांचं ओझं माझ्याच गळ्यात का? असंच वागवायचं असेल तर मला मारून टाक. लोकांच्या बोलण्यापेक्षा हे कितीतरी जहाल आहे. तरी देव मोशेवर रागावला नाही. वडीलधाऱ्यांपैकी सत्तर जण बोलाव, ते तुझ्याबरोबर हा भार वाहतील, असं त्याने सांगितलं.

लोक देवाबद्दल बोलत होते, मोशे देवाशी बोलत होता. मला सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो. कुरकुर पाठमोरी असते. गाऱ्हाण्याचं तोंड देवाकडे असतं, मग डोळ्यांत पाणी असो की राग.

दुसरी खूण आठवणीत सापडते. "फुकटची मासळी" म्हणताना ते लोक आपली गुलामी विसरले होते. कुरकुर मागचं सगळं गोड करून सांगते आणि आजचं सगळं वाईट. बायबलमधलं बाविसावं स्तोत्र "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असं सुरू होतं, पण लगेच पूर्वजांनी देवावर भाव ठेवला आणि त्याने त्यांना सोडवलं, हेही सांगतं. जुनी सुटका खरी होती म्हणून तर आजचं सोडून जाणं इतकं लागतं. वधस्तंभावर येशूच्या तोंडी हेच वाक्य आलं. ज्याला कोणी कुरकुर म्हणणार नाही, त्याने ते मोठ्याने उच्चारलं.

पेडणे-सावंतवाडीकडच्या माणसाला गाऱ्हाणं हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. देवळात गाऱ्हाणं घालताना देवाला नावाने हाक मारतात, संकट काय ते स्पष्ट सांगतात, काय हवं ते मागतात आणि जमलेली माणसं त्याला होकार भरतात. आपण ख्रिस्ती माणसं वेगळ्या प्रभूपुढे उभे राहतो, पण शब्द याच मातीतले. फादर थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलेलं, ख्रिस्ताची कथा सांगणारं क्रिस्तपुराणही ओवीतच आहे. तेराव्या स्तोत्रात दाविदाने दोन वचनांत चार वेळा "कोठवर?" असं विचारलं आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि उपासनेत वाचायचं आहे.

सर्वस्व गमावलेल्या "ईयोबासारखा धीर धर" असं म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की ईयोबाचं पुस्तक तिसऱ्या अध्यायापासून पुढेही वाचावं. पहिल्या दोन अध्यायांतला ईयोब निमूट आहे. पुढचा आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो. शेवटी देव त्याच्या मित्रांना सांगतो की माझ्याविषयी तुम्ही माझा सेवक ईयोब याच्यासारखं यथार्थ बोलला नाहीत. मित्र तर सगळा वेळ देवाची बाजू घेऊन बोलत होते!

गाऱ्हाणं अडवलं की काय होतं ते मी घरात पाहिलं. सभेत गप्प राहणारी आई घरी पुटपुटायला लागली. या मंडळींना काय कळणार, आमचंच नशीब फुटकं, पूर्वी किती सुखात होतो. जेवताना प्रार्थना व्हायची, पण तिच्या ओठांवर फक्त पाठ केलेले शब्द यायचे. खरी कुरकुर ही होती, आणि ती ऐकून तिला कोणी टोकलं नाही.

आमच्या पाळकांच्या ते लक्षात आलं असावं. एका रविवारी त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायला आईलाच उभं केलं. तिने वाचलं, आणि शेवटच्या ओळीनंतर पुस्तक न मिटता स्वतःचं बोलत राहिली. पाण्याच्या रेघा, ओला रुमाल, पहाटेची बस, उतरताना वडिलांना एकटीने धरणं, सगळं. कोणी "आमेन" म्हणून तिला थांबवलं नाही.

मंगळवारी पहाटे आम्ही स्टॉपवर पोचलो तेव्हा त्याच बाई आधीच येऊन उभ्या होत्या, खांद्याला पिशवी, हातात छत्री. "ताई, आज त्यांना दुसऱ्या बाजूने मी धरते," एवढंच बोलल्या आणि बस आली.