पेप्टाइड सीरम: लावायला सुरुवात करण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणारा प्रत्येक ग्राहक एक प्रश्न विचारतोच: "यानं कोलॅजन खरंच वाढतं का?" आमचं उत्तर असं: थोडं वाढतं, हळूहळू वाढतं, आणि त्वचा उन्हापासून जपली तरच ते चेहऱ्यावर दिसतं. याहून मोठं आश्वासन आम्ही देत नाही. हे उत्तर असं का, ते खाली सविस्तर लिहिलं आहे.

सुरकुती पडते कशी

आपल्याला दिसते ती त्वचेची फक्त वरची बाजू. तिच्याखालच्या जाड थरात कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं असतं. त्या थरातलं पाणी वगळलं, तर उरलेल्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोलॅजनचाच भरतो. सुंभानं घट्ट विणलेल्या बाजेवरून माणूस उठला की विण लगेच वर येते. तीच विण सैल पडली की खळगा तसाच राहतो. हसल्यावर डोळ्यांच्या कडेला पडणारी घडी विशीत लगेच विरते आणि पन्नाशीत मुक्काम करते, त्याचं कारण हेच.

हे तंतू फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तयार करतात. वय वाढतं तसं त्यांचं काम मंदावतं आणि विशीनंतर त्वचेतलं कोलॅजन दरवर्षी साधारण एका टक्क्यानं कमी होत जातं. बायकांमध्ये पाळी गेल्यावर ही घट एकदम वाढते; पहिल्या पाच वर्षांत मिळून सुमारे ३० टक्के कोलॅजन जातं. "गेल्या दोन वर्षांत चेहरा एकदम उतरला" असं पन्नाशीच्या ताई सांगतात, तेव्हा तो त्यांच्या मनाचा खेळ नसतो.

याशिवाय ऊन. अतिनील किरणांमुळे त्वचेत अशी विकरं (एन्झाइम) वाढतात, जी तयार कोलॅजनचे तुकडे करतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णात उन्हाचा परिणाम आधी वांग आणि काळ्या डागांच्या रूपात दिसतो, सुरकुत्या मागून येतात. त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ जण डागांवर उपाय शोधतात आणि आत चाललेल्या झिजेकडे लक्ष देत नाहीत.

पेप्टाइड काय करतं

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक; त्यांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. आमच्या दोन बाटल्यांमध्ये दोन वेगवेगळी पेप्टाइडं आहेत.

पांढऱ्या बाटलीत पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४ आहे. पाच अमिनो आम्लांचा हा क्रम शरीरातच, कोलॅजनच्या पूर्वरूपात सापडतो. असा तुकडा मिळाला की फायब्रोब्लास्ट पेशी नवं कोलॅजन करायला लागतात, हे १९९३ साली प्रयोगशाळेत दिसलं. पण हा तुकडा पाण्यात विरघळणारा, आणि त्वचेचा सगळ्यात वरचा थर स्निग्ध; नुसता लावला तर तो आत शिरत नाही. म्हणून त्याला पामिटिक आम्ल या स्निग्धाम्लाचं शेपूट जोडलेलं असतं. 'पामिटॉइल' हे नाव त्यावरून आलं.

निळ्या बाटलीत कॉपर पेप्टाइड आहे. तीन अमिनो आम्लांची ही साखळी अमेरिकी शास्त्रज्ञ लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ साली माणसाच्या रक्तद्रवातून वेगळी केली. ती तांब्याला घट्ट धरून ठेवते आणि सीरमचा निळा रंग त्या तांब्याचाच असतो, आम्ही वेगळा रंग घालत नाही. जखम भरून येण्याशी या पेप्टाइडचा संबंध असल्यामुळे त्यावर बराच अभ्यास झाला आहे. "मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं तर?" असं बरेच जण विचारतात. नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही.

शाकाहारी ग्राहकांसाठी: ही दोन्ही पेप्टाइडं प्रयोगशाळेत अमिनो आम्लं एकेक करून जोडून बनवलेली आहेत. दुधात किंवा पाण्यात घालून प्यायची कोलॅजन पावडर मात्र मासे किंवा जनावरांच्या कातड्यापासून बनते. ती वेगळी वस्तू आहे आणि आम्ही ती विकत नाही.

'कोलॅजन क्रीम' म्हणून जे मिळतं तेही वेगळंच. अखंड कोलॅजनच्या रेणूचं वजन सुमारे ३ लाख डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक) असतं, आणि ५०० डाल्टनच्या वरचे रेणू धड त्वचेतून सहसा आत जात नाहीत. असं क्रीम त्वचा मऊ ठेवतं, ओलावा धरतं. पण त्यातलं कोलॅजन वरच राहतं. आमचं कॉपर पेप्टाइड ५०० च्या आत बसतं. पांढऱ्या बाटलीतलं सुमारे ८०० आहे. त्याचं शेपूट त्याला मदत करतं, तरी आत पोचणारा भाग थोडाच असतो.

पुरावा किती, आणि टक्क्यांचा खेळ

पामिटॉइल पेंटापेप्टाइडचा एक चांगला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ३५ ते ५५ वयाच्या ९३ स्त्रियांनी १२ आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइडचं क्रीम लावलं आणि दुसऱ्या बाजूला तेच क्रीम पेप्टाइडशिवाय. कोणत्या बाजूला काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पेप्टाइडच्या बाजूच्या बारीक रेषा आणि सुरकुत्या कमी झाल्या. फरक लहान होता, पण मोजण्याइतका होता. दोन गोष्टी तुम्हाला सांगायलाच हव्यात: हा अभ्यास सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी केला होता, आणि त्यातल्या स्त्रिया गोऱ्या वर्णाच्या होत्या.

त्या क्रीममध्ये पेप्टाइड किती होतं? दहा लाख भागांत ३ भाग, म्हणजे ०.०००३ टक्के. आता बाजारातली '१० टक्के पेप्टाइड' लिहिलेली बाटली आठवा. पेप्टाइडचा कच्चा माल बहुतेक वेळा पाणी-ग्लिसरीनमध्ये विरघळवलेला येतो आणि ते १० टक्के त्या द्रावणाचे असतात. खोटं कुणी लिहीत नाही, पण वाचणाऱ्याची फसगत होते. म्हणून आम्ही आमच्या लेबलवर टक्का मोठ्या अक्षरांत छापत नाही. विचारलंत तर शुद्ध पेप्टाइड किती आणि द्रावण किती, दोन्ही आकडे सांगतो.

'बाटलीतलं बोटॉक्स' म्हणून विकलं जाणारं असेटिल हेक्झापेप्टाइड-८ आम्ही ठेवत नाही. ते कोलॅजनवर नाही, स्नायूंच्या आकुंचनावर काम करण्यासाठी बनवलेलं आहे. वरून लावलेलं पेप्टाइड स्नायूपर्यंत पुरेसं पोचतं, असं आम्हाला पटलेलं नाही.

लावायचं कसं

पहिले तीन दिवस फक्त कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून पाहा. खाज, लाली आली नाही तर चेहऱ्याला लावा. रात्री चेहरा धुऊन टॉवेलनं टिपा आणि त्वचा किंचित दमट असतानाच दोन-तीन थेंब कपाळ, गाल, हनुवटीवर ठेवून हलक्या हातानं पसरवा. उरलेलं मानेला लावा. मान सगळे विसरतात. दोन मिनिटांनी नेहमीचं मॉइश्चरायझर. थेंब वाढवले म्हणून फायदा वाढत नाही, फक्त बाटली लवकर संपते.

निळं सीरम आणि व्हिटॅमिन सी एकाच वेळी लावू नका, दोन्ही एकमेकांचं काम बिघडवतात. व्हिटॅमिन सी सकाळी, निळं रात्री. ग्लायकोलिक आम्ल (मृत त्वचा काढणारं) लावत असाल तर त्या रात्री सीरमला सुट्टी. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीच केलं असेल त्या दिवशीही लावू नका. घरी सुयांचा रोलर फिरवून वर सीरम चोळण्याचे व्हिडिओ फिरतात. आमचं सीरम टोचलेल्या त्वचेवर वापरण्यासाठी बनवलेलं नाही. कृपया असं करू नका.

बारा आठवडे द्या. आठ दिवसांवर लग्न आलंय म्हणून सीरम घ्यायला येणाऱ्यांना आम्ही मॉइश्चरायझर देऊन परत पाठवतो. पहिल्या आठवड्यात जी तुकतुकी दिसते ती ओलाव्याची असते, कोलॅजनची नाही.

सनस्क्रीनशिवाय पैसे वाया

ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा २४ टक्के कमी वाढल्या. आमच्या सीरमबद्दल इतकं ठाम आम्हाला बोलता येणार नाही. खिशाला एकच बाटली परवडत असेल तर आधी सनस्क्रीन घ्या, आमच्याकडूनच घ्यायला हवं असं नाही. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी. साध्या प्रकाशानंही वांग गडद होतो आणि तो प्रकाश हे अडवतं.

सुरकुत्या खोल असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना ट्रेटिनॉइन या व्हिटॅमिन ए वर्गातल्या, लावायच्या औषधाबद्दल विचारा. त्याचा पुरावा पेप्टाइडपेक्षा कितीतरी जुना आणि भक्कम आहे. पण ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही आणि गरोदरपणात वापरायचं नाही. ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाही त्यांच्यासाठी पेप्टाइड हा सौम्य मार्ग आहे. आमचे बरेच ग्राहक याच कारणानं आमच्याकडे येतात.

कोणी थांबावं

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण या काळातल्या पेप्टाइडच्या वापराचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. विल्सनचा आजार (ज्यात शरीरात तांबं साठत जातं) किंवा तांब्याची ॲलर्जी असेल तर निळी बाटली घेऊ नका. चेहऱ्यावर इसब चिघळलेलं असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा.

बाटली उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या ग्राहकांनी एप्रिल-मेमध्ये फ्रिजच्या दारात ठेवावी, फ्रीझरमध्ये नको. निळं सीरम हिरवट किंवा तपकिरी झालं तर वापरू नका, आम्हाला परत पाठवा.

लावल्यावर जळजळ झाली किंवा चेहरा सुजला तर साध्या पाण्यानं धुवा, सीरम बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. बाटली फेकू नका. तिच्या तळाशी बॅच क्रमांक आहे. तो आणि चेहऱ्याचा फोटो आम्हाला पाठवा, म्हणजे त्या बॅचचा राखून ठेवलेला नमुना आम्ही तपासू.