लारी

लारी : दुमडलेल्या चांदीच्या तारेचे नाणे. सोळाव्या-सतराव्या शतकांत इराणी आखातापासून कोकण, मालदीव व श्रीलंकेपर्यंतच्या बंदरांत चालत असे. नाव इराणमधील लार या शहरावरून आले, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. श्रीलंकेत तार गळासारखी वाकवीत. कोकणातली लारी केसांच्या आकड्यासारखी सरळ असते. सुमारे १० सेंमी. तार मधोमध दुमडून टोके जुळवलेली. वजन सुमारे ४·७ ग्रॅ.

दुसऱ्या अली आदिलशाहाच्या (कार. १६५६–७२) लाऱ्यांविषयी शंका नाही. त्यांची टाकसाळ बहुधा दाभोळकडची असावी. आदिलशाहीचे ते मुख्य बंदर होते, म्हणून हे मत सयुक्तिक वाटते. इतर नगांची अडचण ठशात आहे. ठसा तारेहून रुंद असल्याने फार्सी मजकुराची एखादी पट्टीच उमटते. एका नगावर राजाच्या नावाचा शेंडा, दुसऱ्यावर बूड. म्हणून बरेच नग शेजारी ठेवून मजकूर जुळवावा लागतो. संगमेश्वर भागात एकोणिसाव्या शतकात मिळालेल्या साठ्यासारखे साठे यासाठीच मोलाचे. वाटून विकलेला साठा कायमचा मुका होतो. ठशातले हिजरी वर्ष १०७१ म्हणजे इ. स. १६६०–६१; वर्षाचा शेवटचा अंक पट्टीबाहेर गेला असल्यास दशकच सांगावे. मजकूर न लागणारी लारी इराणकडचीही असू शकते.

धातुशोधक यंत्राला लारी सहज लागत नाही. तार बारीक, त्यामुळे तिच्यातले भोवरी प्रवाह (यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत उठणारे विद्युत प्रवाह) क्षीण असतात आणि यंत्राच्या पडद्यावरचा, धातू ओळखण्याचा अंक चांदीच्या रुपयासारखा वर न जाता पत्र्याच्या वर्खाजवळ येतो. कचरा गाळण्याची मर्यादा वर ठेवली की लारीही गाळली जाते. त्यात रत्नागिरीकडच्या पुळणींत इल्मेनाइटयुक्त (लोह-टायटॅनियमचे खनिज असलेली) काळी वाळू, वर जांभ्याची लोहयुक्त माती आणि ओहोटीच्या पट्ट्यात खारे पाणी. तिन्हींचे खोटे आवाज निराळे. कोरड्या वाळूतून ओल्यात जाताना जमीन-संतुलन (जमिनीचा स्वतःचा आवाज वगळण्याची जुळणी) पुन्हा करावे, संवेदनशीलता उतरवावी व यंत्राची थाळी सावकाश फिरवावी. जाळ्याचे शिसे आणि होड्यांचे खिळे मात्र लागतच राहतात.

सापडलेली तार उलगडू नये. खाऱ्या मातीत चांदीवर राखाडी, मेणचट क्लोराइड चढते, आतली धातू ठिसूळ होते आणि दुमड तिथेच मोडते. चिंच, लिंबू, राख लावली तर ठसाच जातो. गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहावे. खरेपणासाठी ०·०१ ग्रॅ. दाखवणाऱ्या काट्यावर हवेत व पाण्यात बुडवून वजन करावे : ४·७ ग्रॅ. चांदी पाण्यात सुमारे ०·४५ ग्रॅ. हलकी भरते, तेवढेच तांबे सुमारे ०·५२. क्लोराइडची पुटे जाड असतील तर हा पडताळा फसतो. काही लाऱ्यांवर छिन्नीचा चरा दिसतो. ती चांदी पारखल्याची खूण असू शकते, दोष नव्हे.

१८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. स्वरूप, अंदाजे किंमत, जागा व दिनांक त्यात हवा. संरक्षित किल्ल्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय खणता येत नाही. जागेबरोबर खोली, मातीचा रंग आणि जवळ सापडलेली खापरेही टिपावीत. ठसा न लागलेल्या लारीचा काळ पुष्कळदा त्यांवरूनच ठरतो.